भंडाऱ्याचा हात

बानूबाईला निवांत बसलेली कुणी पाहिली असेल तर त्यानं हात वर करावा. शिरूरहून चौफुल्याकडं जाणाऱ्या रस्त्याला, उसाच्या पट्ट्यात, धनगरांची दहा-बारा घरांची वस्ती आहे. तिथं जाऊन विचारा. जेवायलासुद्धा ही बाई उकिडवी बसते, एक पाय उठायच्या तयारीत. भाकरी मोडता मोडता कान बाहेर. शेळी का ओरडली, मोटर कुणी बंद केली, रस्त्यावर कुणाची गाडी थांबली. "आगं, घास तरी नीट गीळ!" असं तिचा नवरा हरिबा चाळीस वर्षं म्हणतोय आणि चाळीस वर्षं तिनं ते मनावर घेतलेलं नाही.

पण तिचा तरी काय दोष? अर्धा जन्म चालण्यात गेला. घरची दीडशे मेंढरं होती तेव्हा दिवाळी उरकली की बिऱ्हाड घोड्यावर चढायचं, घाट उतरून कोकणात जायचं आणि पावसाच्या आत परत. पोरगा बिरदेव वाटेवरच झाला आणि तिसऱ्या दिवशी त्याला पाठीशी बांधून ही पुन्हा चालायला लागली. मग पाटाचं पाणी आलं, ऊस आला, चराईची रानं गेली. मेंढरं विकली. ज्या दिवशी विकली त्या दिवशी हरिबा दारातल्या बाजेवर बसला, तो अजून बसलेलाच आहे. आधी गुडघे दुखतात म्हणून, मग सवय म्हणून, आता हातात मोबाइल आहे म्हणून. दिवसभर दुसऱ्यांच्या मेंढरांचे व्हिडिओ बघतो. तहान लागली तर सुनेला हाक मारतो.

"आबांचं बरं हाय, आराम चाललाय," असं येणारे-जाणारे म्हणतात.

तो शब्द ऐकला की बानूबाई तिथून उठून जाते. आराम करणारा माणूस कसा होतो ते ती रोज बघते. एका शिट्टीवर अख्खा कळप वळवणारा गडी, आता त्याला तांब्या हातात द्यावा लागतो. बानूबाईनं लांडगा बघितलाय, घाटात साप बघितलेत, दरडीखाली रात्र काढलीय. तिला कशाचीही भीती वाटत नाही. फक्त त्या बाजेची वाटते.

म्हणून नऊ वर्षांपूर्वी ती आनंदरावांच्या नर्सरीत कामाला लागली. आनंदराव म्हणजे गावचे मोठे बागायतदार. त्यांनी रस्त्याकडेच्या रानात हिरव्या जाळीखाली उसाची, कांद्याची, मिरचीची रोपं करायला घेतली, आणि हिवाळ्यात कंपन्यांच्या गेटाशी लावायला विलायती फुलं. बानूबाई खुरपायला लागली होती. फुलाबिलाशी तिचा काही संबंध नव्हता.

पहिल्याच वर्षी पेटुनियाची पुडी आली. चमकत्या कागदात चिमूटभर तपकिरी धूळ, आणि त्यात म्हणे हजार बिया! बायका तोंडाला पदर लावून हसल्या. "बी हाय का तपकीर?" त्यांनी ते कोथिंबिरीसारखं पेरलं, वर बोटभर माती लोटली, झारीनं पाणी घातलं. काही म्हणता काही उगवलं नाही. दुसरी पुडी आनंदराव स्वतः घेऊन बसले, चष्मा लावून, श्वास रोखून. आणि त्यांना शिंक आली. अर्धी पुडी जाळीबाहेर गेली.

बानूबाई घमेलं घेऊन चालली होती. तिच्यानं बघवेना. "द्या बरं हिकडं," म्हणाली. उरलेली धूळ तिनं वस्त्रगाळ वाळूत कालवली, तीन बोटांच्या चिमटीत धरली, आणि बिरोबावर भंडारा उधळतात तशी मनगटाला हलका झोका देऊन ट्रेवर सोडली. भंडारा म्हणजे हळदीची पूड. धनगराच्या घरात पोर धड चालायच्या आधी ती उधळायला शिकतं. ढेकूळ पडू द्यायचं नाही, पातळ पडली पाहिजे, सगळ्यांवर पडली पाहिजे. तशीच ती बियांची वाळू त्या काळ्या भुश्यावर पडली. नारळाच्या काथ्याचा भुसा तो, त्याला कोकोपीट म्हणतात.

"आता वर माती," आनंदराव म्हणाले.

"भंडाऱ्यावर माती कोण टाकतंय व्हय?" बानूबाईनं फटकारलं आणि घमेलं उचलून चालू पडली.

आठव्या दिवशी ट्रेवर हिरवी लव आली. त्या बीला उजेड लागतो, मातीखाली ते गुदमरतं, हे पुडीवर बारीक अक्षरात लिहिलं होतं म्हणे. वाचलं होतं कुणी? पण तेव्हापासून बारीक बी म्हटलं की बानूबाई. नर्सरीत सगळे म्हणायचे, तिचा भंडाऱ्याचा हात आहे. नऊ हिवाळे पेटुनिया, बिगोनिया, डॉगफ्लॉवर, सगळं त्या तीन बोटांतून गेलं. एसटीनं जाताना कंपनीच्या गेटाशी फुलं दिसली की ही कंडक्टरला सांगणार, "ती माजी हायती." कंडक्टरला वाटायचं, बाईची कंपनीच आहे.

तिच्यात खोट एकच. पेरल्यावर ह्या बीला हात लावायचा नसतो. ट्रेवर प्लॅस्टिक झाकायचं, पाणी खालच्या ताटात द्यायचं म्हणजे ते भुश्यातून आपोआप वर चढतं, आणि आठ-दहा दिवस गप राहायचं. आता गप राहणं बानूबाईला जमतंय होय! दर तासाला प्लॅस्टिक उचकून बघणार. पुढं आनंदरावांची सून अनुपमा शेतकी कॉलेज करून आली, तिनं नर्सरी हाती घेतली आणि प्लॅस्टिकवर वीट ठेवायला सुरुवात केली. "मावशी, वीट हलली की मला कळतं हं!" बानूबाई म्हणायची, "उंदरानं हलवली आसंल." दोघी हसायच्या.

यंदा आखाडापासून हसणं बंद झालं. बानूबाईच्या डोळ्यांपुढं धुकं आलं. आधी तिला वाटलं, चुलीचा धूर. मग वाटलं, उसाची पाचट कुणी पेटवली. मग कळलं की धूर जात नाही. सांगितलं मात्र कुणाला नाही, पूनमलासुद्धा नाही. पूनम म्हणजे सून, पोरगी मनानं चांगली, पण तिच्या पोटात काही राहत नाही. सुईत दोरा ओवायचा झाला तर म्हणायची, "माजे हात खरकटे हायती, तू ओव." वाट पायांना पाठ होती, खुरपं हाताला पाठ होतं. सगळं निभलं. पण धुळीएवढं बी बोटाला लागत नाही, ते डोळ्यालाच दिसावं लागतं. भादव्यात पेरायला बसली तर काळा भुसा, करडी वाळू, तपकिरी बी. चिमूट कुठं पडली हेच कळेना. अंदाजानं हात फिरवला. अर्धा ट्रे टक्कल पडल्यासारखा कोरा राहिला आणि एका कोपऱ्यात रोपांची इतकी दाटी झाली की ती बुडाशी सडून झोपली.

अनुपमानं ट्रे बघितला. ओरडली नाही. ओरडली असती तर परवडलं असतं.

"मावशी, नऊ वर्षं केलंत," ती म्हणाली. "आता वय झालं. घरी बसून आराम करा."

बानूबाईच्या हातातलं खुरपं गळून पडलं. "एक पुडी द्या," ती घाईघाईनं म्हणाली. "शेवटची. माज्या घरी पेरते. हितं बायका बडबड करत्यात, माजा हात हालतो." धडधडीत खोटं! बायका नऊ वर्षं बडबडतच होत्या. पण अनुपमाला वाईट वाटत होतंच. तिनं पुडी दिली, ट्रे दिला, भुसा दिला.

"दसऱ्याला पेरा. दहाव्या दिवशी, रविवारी मी स्वतः बघायला येते. हिरवं दिसलं तर सोमवारी कामावर. नाही दिसलं तर मग आराम. कबूल?"

"कबूल," बानूबाई म्हणाली, आणि घरी येईपर्यंत तिला घाम फुटला होता.

आता करायचं काय? दोन रात्री डोक्यात तेच. तिसऱ्या दिवशी देवापुढं दिवा लावताना बोटाला हळद लागली, आणि बाई जागच्या जागी हुशार झाली. पिवळं! तेवढं तर अजून दिसतंय की! वाळूऐवजी भंडाऱ्यात बी कालवायचं. काळ्या भुश्यावर पिवळं कुठं पडलं ते आंधळ्यालाही कळेल. शिवाय देवाचंच ते, वाईट कशाला करील? दसऱ्याच्या सकाळी तिनं भंडारा फडक्यातून गाळला, त्यात पुडी उलटी केली, बोटानं हलकंच कालवलं आणि एका स्टीलच्या डबीत भरून देवाच्या फळीवर ठेवलं.

आता नीट ऐका, कारण घोटाळा इथं झाला. त्या फळीवर आणखी एक तशीच डबी होती. दोन्ही आनंदरावांच्या घरून संक्रांतीच्या वाणात आलेल्या, एका मापाच्या, एका बनावटीच्या. दुसरीत देवाचा नेहमीचा भंडारा. तिच्या झाकणावर कुंकवाचं बोट लावलेलं होतं, दिसणाऱ्याला लांबून दिसेल असं. बानूबाईनं खूण ठेवली ती जागेची: बियांची डावीकडं, देवाची उजवीकडं. मग ती आंघोळीला गेली. आणि सणाचं म्हणून पूनमनं फळी पुसून घेतली.

बाहेर ढोल सुरू झाले. वस्तीच्या वर माळावर बिरोबाचं देऊळ आहे. दसऱ्याला तिथं गजी ढोल घुमतात, माणसं नाचतात, मेंढरं ओवाळतात. ढोल ऐकला आणि बानूबाईच्या अंगात वारं शिरलं. तिनं उजवीकडची डबी उचलली, कनवटीला लावली आणि पळाली. कुंकवाचं बोट? ते राहिलं घरी, डावीकडं.

देवळाच्या पायरीशी नळ आहे. त्याची तोटी वर्षभर गळते आणि खालच्या दगडांवर शेवाळ धरलंय. गर्दीत तिला जागा मिळाली ती तिथं. "बिरोबाच्या नावानं चांगभलं!" अशी आरोळी उठली, आणि तिनं डबी उघडून मूठ भरली. एक मूठ, दोन मुठी, तळाची चिमूटसुद्धा. मनगटाला हलका झोका. देवावर, पागोट्यांवर, मेंढरांच्या पाठीवर, पायऱ्यांवर, नळाखालच्या ओल्या दगडांवर, सगळ्यांवर सारखा, पातळ. पेटुनियाच्या हजार बिया चांगभलं करत वाऱ्यावर गेल्या. आता बोला!

घरी येऊन तिनं दुसरी डबी घेतली आणि ट्रे पेरला. काळ्यावर पिवळं इतकं सुरेख दिसत होतं की तिचं तिलाच कौतुक वाटलं. कुठं ढेकूळ नाही, कुठं मोकळं नाही. सगळं साजरं, फक्त त्यात बी नव्हतं. तिनं प्लॅस्टिक झाकलं, वर वीट ठेवली आणि हात जोडले.

पुढचे दहा दिवस घरातल्यांनी कसे काढले ते त्यांनाच ठाऊक. पहिले तीन दिवस तिनं ट्रे पाच वेळा हलवला. ऊन लागतंय, सावली झाली, कोंबड्या येतात, मांजर येतं. चौथ्या दिवशी वीट सकाळीच उचलली, दुपारी उचलली, चहा पिताना उचलली.

"अंडी उबिवतीस का काय?" बाजेवरून हरिबा म्हणाला.

"तुमी मोबाइल बघा तुमचा!"

"बघतोयच की. पर ह्यापरीस तुजा तमाशा ब्येस हाय."

सहाव्या दिवशी तिला धीर निघेना. "पूनम, माजे हात शेणाचे हायती. जरा बघ गं, हिरवं दिसतंय का?"

पूनम वाकली. "पिवळंच दिसतंय की, आत्याबाई. हे पिवळं काय घातलंय?"

"औषीद हाय त्ये. तुला न्हाई कळायचं."

सातव्या दिवशी ती उगाचच डांबरीपर्यंत चालत गेली, एसटीच्या थांब्यावरच्या फळकुटावर बसली, उठली, परत आली. आठव्या दिवशी लव यायला हवी होती. नाही आली. बोटाचं टोक हळूच टेकवून बघितलं, नुसता ओला भुसा. नवव्या दिवशी ती सगळ्यांवर उखडली. बिरदेव कुरकुंभच्या कंपनीतून पाळी करून येऊन नुकता आडवा झाला होता, तर त्याला, "लोळतोस काय बापागत!" तो बिचारा डोळे चोळत उठून बसला. पूनमला वाटलं, आत्याबाईंना कुणाची नजर लागली. आणि बानूबाईला काय वाटत होतं? तिला वाटत होतं की हातातलं गेलं. डोळे गेले ते गेले, आता हातही गेला. दारातल्या बाजेशेजारी दुसरी बाज मावेल का, हे तिचं मन आपोआप मोजायला लागलं होतं, आणि तेच तिला सहन होत नव्हतं.

रविवारी सकाळी अनुपमाचा फोन आला, दहापर्यंत येते. बानूबाईनं शेवटचं म्हणून प्लॅस्टिक काढलं. ट्रे तसाच. तिनं वीट बाजूला टाकली, पायात चपला सरकवल्या आणि माळाची वाट धरली.

"कुठं निघाली गं? त्या बाई येत्यात न्हवं?" हरिबानं हाक दिली. तिनं मागं बघितलं नाही. हरिबाला काहीतरी खुपलं. "पूनम, जा बघू तिच्या मागनं," तो म्हणाला.

देवळात चिटपाखरू नव्हतं. बानूबाई नळाशी पायरीवर टेकली आणि देवाला सरळ जाब विचारायला लागली. "काय केलं रं मी तुजं? मेंढरं न्हेलीस, मी काय म्हनलं? डोळं न्हेलंस, कुनाला सांगितलं? येवडी तीन बोटं ठिवायची व्हती. त्यांचं बी तुला बघवंना?" आणि ती ढसाढसा रडली. रडता रडता तोल सावरायला तिनं हात खाली टेकला, तोटीखालच्या ओल्या दगडांवर.

तिचा हुंदका मध्येच थांबला. तिनं हात उचलला, पुन्हा टेकवला, ह्या वेळी नुसती बोटाची टोकं. शेवाळ बुळबुळीत असतं, दबलं की दबतं. हे दबून परत उभं राहत होतं. ही लव तिनं नऊ वर्षं तळव्याखाली अनुभवली होती.

"पूनम!" ती किंचाळली. पूनम धापा टाकत वर येतच होती. "हितं बघ! काय हाय सांग!"

पूनम वाकली. "बारीक बारीक रोपं हायती. दोन-दोन पानांची, मव्हरीएवढी सुद्धा न्हाईत... आत्याबाई, आन् हितं भंडारा पडलाय."

बानूबाईचं तोंड उघडं ते उघडंच. मग एकाएकी तिला सगळं लख्ख झालं. डबी! डावी आणि उजवी! "आगं बया बया," म्हणत तिनं कपाळावर हात मारला, आणि रडणारी बाई खदखदा हसायला लागली. "देवावर बी उधळलं आन् ट्रेमदी हळद पेरली! धा दिस हळदीला राखण बसलीया!"

पूनम हसली नाही. ती सासूच्या तोंडाकडं बघत होती. "आत्याबाई, डबीवर ठसठशीत कुंकू हाय. आन् ही रोपं तुमच्या नाकाखाली हायती. तुमाला... दिसत न्हाई का?"

खोटं बोलायला बानूबाईनं तोंड उघडलं. खरकटे हात, शेणाचे हात, सगळी कारणं ओठावर होती. पण ती दमली होती. "न्हाई," ती म्हणाली. "आखाडापासनं न्हाई."

खाली गाडीचा आवाज झाला. हरिबानंच अनुपमाला माळाकडं पाठवलं असणार. ती वर आली तेव्हा सासू-सून दोघी पायरीवर बसलेल्या, दोघींचे डोळे लाल. बानूबाई उभी राहिली आणि सगळं सांगून टाकलं, डोळ्यांपासून डबीपर्यंत, एका दमात. शेवटी म्हणाली, "ताई, ट्रे कोरा हाय. मी हरले. काय बोलायचं ते बोला, शिव्या द्या. फक्त त्यो आराम शब्द तेवढा काडू नका. माजा जीव जातो त्यानं."

अनुपमानं पर्स पायरीवर ठेवली. ती गुडघ्यावर बसली, दगडाशी डोळे नेले, ओठ हलवत मोजलं. "सतरा," म्हणाली. मग दिव्याशेजारची काडेपेटी घेतली, एक काडी पूनमच्या हातात दिली. "ही काढून न्यायला हवीत. इथं पायाखाली जातील. मावशी, सांगा हिला कसं काढायचं."

मग काय विचारता! बानूबाईच्या आवाजाला धार आली. "काडी मुळाखालनं घाल. शेवाळासकट उचल, मूळ उघडं पडू द्यू नको. धरायचं तर पान धर, देठ धरशील तर मेलंच समज. हळू! भाकर उलथतीस का काय!" पूनमनं आयुष्यात इतकं नाजूक काम केलं नव्हतं. तिच्या कपाळावर घाम आला, पण सतराच्या सतरा रोपं शेवाळाच्या खपल्यांसकट घरच्या ट्रेमध्ये आली.

"हिरवं दिसलं," बानूबाई हळूच म्हणाली.

"दिसलं, पण तुम्हाला नाही दिसलं," अनुपमा म्हणाली. ती लाडीगोडी लावणारी बाई नव्हे. "मोतीबिंदू असणार. गुरुवारी शिरूरला दवाखान्यात नेते. ऑपरेशन झालं की आठ दिवस वाकायचं नाही, मातीत हात नाही, डोळ्याला पाणी नाही, चोळायचं नाही, सारखं उचकून बघायचं नाही."

"म्हंजी ट्रेवानी."

"अगदी ट्रेसारखं."

"आन् आठ दिसांनी?"

"उगवलं तर कामावर," अनुपमा म्हणाली. "नाही उगवलं तर मी शब्द देत नाही, मावशी."

ऑपरेशन झालं. सुईला ती घाबरली नाही, डॉक्टरांना घाबरली नाही. घरी आल्यावर पूनमनं दुसरी बाज आणून हरिबाच्या बाजेशेजारी टाकली, तिला मात्र घाबरली. काळा चष्मा लावून ती त्या बाजेवर बसली आणि दिवाळी तशीच चष्म्याआडून गेली. करंज्या पूनमनं केल्या, त्या जाड झाल्या, आणि ही बसल्या जागेवरून सूचना देत राहिली. हात सारखे चष्म्याकडं जायचे. "उचकू नगंस, वीट ठिवीन डोक्यावर," हरिबा म्हणायचा.

तिसऱ्या दिवशी दुपारी पूनम बाजारला गेलेली, बिरदेव पाळीला. ऊन तापलं. "रोपांच्या ताटात पानी सपलं आसंल," बानूबाई पुटपुटली. मग जरा मोठ्यानं. मग ती उठायलाच लागली.

"बस खाली!" हरिबा खेकसला. आणि बाज करकरली. बानूबाईनं मान वळवली. हरिबा उभा होता. एक हात गुडघ्यावर, एक भिंतीला. तो तसाच हळूहळू अंगणात गेला, तांब्या भरला, ट्रेशी वाकला.

"वरनं नका वतू! खालच्या ताटात!"

"मला शिकवू नगंस. धा दिस बघत व्हतो म्या, मोबाइल कोन बघत व्हतं?"

बानूबाईनं मान वर केली. डोळ्याला पाणी लागू द्यायचं नव्हतं. त्या दिवसापासून ट्रे हरिबाकडं गेला. सकाळ-संध्याकाळ उठायचा, बघायचा, येऊन सांगायचा, "सतरा." एकदा मुद्दाम म्हणाला, "सोळा." ती अशी ताडकन उठली की चष्माच पडायचा राहिला. "हाय, हाय, पानाआड हाय एक," म्हणत तो बोळकं तोंड उघडून हसला. किती वर्षांनी हसला असेल, कुणास ठाऊक.

आठव्या दिवशी, शुक्रवारी, अनुपमानंच तिला गाडीवरून तपासायला नेलं. डॉक्टर म्हणाले, झकास. परत आल्या तेव्हा दारात पूनम, बिरदेव, हरिबा, सगळे ताटकळत उभे. हरिबा बाजेवर नव्हता, हे बानूबाईला गाडीवरूनच दिसलं. 

अनुपमानं ट्रे उचलून ओट्यावर ठेवला. रोपांना आता चार-चार पानं होती. ती मोजायला लागली, पूनमही वाकली. "सतरा. सगळी जगली," अनुपमा म्हणाली.

बानूबाईनं चष्मा काढला. तिनं वाकून बघितलं नाही, लांबूनच बघितलं, हात पाठीमागं बांधून. कोपऱ्यातल्या शेवाळाच्या एका खपलीवर तिची नजर थांबली.

"अठरा," ती म्हणाली.

"सतरा, मावशी. मी दोनदा मोजली."

"अठरा. त्या कडंच्या रोपाच्या बुडाशी बघा. आज उगवलंय."

अनुपमानं नाक जवळजवळ ट्रेला टेकवलं. पूनमनं मोबाइलची बॅटरी लावली. शेवाळात, टाचणीच्या टोकाएवढी, दोन पानं. इतके दिवस मागं राहिलेलं एक बी आत्ता कुठं उघडलं होतं.

अनुपमा सरळ झाली. बानूबाईकडं बघितलं, मग पर्समधून चमकत्या कागदाची एक पुडी काढून तिच्या तळहातावर ठेवली. "बिगोनिया. पेटुनियापेक्षा बारीक असतं. सोमवारी आठला या."

बानूबाईनं मूठ मिटली. तोंड फिरवून जरा वेळ ती उसाकडं बघत राहिली. मग वळली, आणि कपाळाला आठी.

"सोमवारी? आज तर शुक्रवार हाय," ती म्हणाली. "तवर काय करू मी?"